कडी दाराला लावा, तोंडाला नको

जून उजाडला की आपल्या घराघरांत एकच धांदल असते. वह्या, गणवेश, एस.टी.चा पास, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. आई मजुरीतून चार पैसे बाजूला टाकते, बाप मुकादमाकडून उचल घेतो, आणि लेकरू शाळेत जाते. ते एकदा शाळेच्या फाटकातून आत गेले की आपण निर्धास्त होतो. कामावर जाणाऱ्या माणसाला दुसरा इलाज तरी काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात तेव्हा तर लेकरू आजीच्या नाहीतर वसतिगृहाच्या भरवशावर महिनोन् महिने मागे राहते.

मुलांचा अभ्यास, त्यांचे आजार, त्यांच्या सवयी यांविषयी कुटुंबाच्या या पानावर नेहमी बोलणे होते. आज आम्ही एक अवघड प्रश्न विचारणार आहोत. शाळेत किंवा कॉलेजात कोणी हत्यार घेऊन शिरले, तर आपली मुले काय करतील? शिक्षक काय करतील? आणि दुसऱ्या दिवशी आपण काय करू?

काही वाचक म्हणतील, हे अमेरिकेतले दुखणे, आमच्या गावात कशाला? खरे आहे, बंदूक घेऊन शाळेत शिरणारे माणूस तिकडे वारंवार दिसते. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक या शाळेत अशाच एका तरुणाने २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली. २४ मे २०२२ रोजी टेक्सास राज्यातील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. आपल्या शेजारच्या पाकिस्तानात १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत दहशतवाद्यांनी शंभरावर विद्यार्थी मारले. आपल्या जिल्ह्यात असे घडलेले नाही. पण शाळेच्या आवारात हिंसा शिरलेलीच नाही, असे नगर जिल्ह्यातल्या बौद्ध माणसाने म्हणावे काय? खर्डा आपण विसरलो काय?

जामखेड तालुक्यातले खर्डा गाव १७९५ च्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात आहे. आपल्यासाठी त्या गावाची तारीख वेगळी आहे: २८ एप्रिल २०१४. नितीन आगे हा आपल्या समाजाचा १७ वर्षांचा विद्यार्थी त्या दिवशी मारला गेला. घर कष्टकऱ्याचे, वडील मजुरी करणारे. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला शाळेच्या आवारात मारहाण झाली, तिथून ओढत नेले, आणि नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. दिवस होता, शाळा होती, माणसे होती.

पुढे काय झाले? खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. साक्ष नाही, पुरावा नाही, म्हणून शिक्षा नाही. एक जीव गेला हे तर न्यायालयालाही दिसत होते. तो कोणी घेतला, हे मात्र कागदावर आले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, शाळेतल्या हल्ल्याची तयारी अमेरिकेकडून निम्मीच शिकता येईल. तिकडचा हल्लेखोर बहुधा एकटा असतो, आणि बंदूक घेऊन येतो. आपल्याकडे काठी, गज, कोयता, क्वचित गावठी कट्टा घेऊन टोळके येते. ते दिवसाढवळ्या येते, आणि त्यातल्या प्रत्येकाला शाळेतला शिपाईसुद्धा नावाने ओळखतो. तिकडे प्रश्न असतो, पहिल्या दहा मिनिटांत जीव कसा वाचवायचा. आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिल्या दहा मिनिटांत जीव कसा वाचवायचा, आणि पुढची दहा वर्षे खरे कसे बोलत राहायचे.

हे दोन्ही करून दाखवणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. फाटकावरचे पहारेकरी त्यांनी गोळ्या घालून मारले. वॉर्डात त्या रात्री परिचारिका अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या आणि त्यांच्या ताब्यात २० गरोदर बाया होत्या. कुलथेबाईंनी वॉर्डाची दारे आतून लावली, दिवे मालवले आणि सगळ्या बायांना आतल्या लहानशा खोलीत नेऊन बसवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतीगृहापर्यंत पोहोचवले. वीसच्या वीस बाया वाचल्या. बाईंच्या हातात हत्यार नव्हते. दार, दिवा आणि डोके एवढेच होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नंतर पोलिसांनी ओळख परेडसाठी बोलावले, तेव्हा त्या तुरुंगात गेल्या आणि कसाबला ओळखले. पुढे न्यायालयात उभे राहून साक्ष दिली. त्याच खटल्यात देविका रोटवन या मुलीनेही साक्ष दिली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर तिच्या पायाला गोळी लागली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती कुबड्या घेऊन न्यायालयात आली आणि तिने बोट दाखवून सांगितले. वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. साक्षीदाराला वयाची अट नाही. प्रश्न समजून नीट उत्तर देणाऱ्या लेकराचीही साक्ष कायद्याला चालते.

आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट दाराची. सँडी हूकच्या वर्गांची दारे आतून बंद होत नव्हती, किल्ली घेऊन बाहेरून लावावी लागत. तिथे नेमलेल्या आयोगाने पुढे प्रत्येक वर्गाला आतून लागणारे कुलूप हवे असे सांगितले. आपल्या शाळांत काय असते? दाराला बाहेरून भक्कम कडी-कोयंडा असतो, कारण टेबल-खुर्च्या चोरीला जाऊ नयेत म्हणून. आतली कडी मात्र पुष्कळदा तुटलेली असते. खुर्चीची काळजी घेतली, लेकराची राहिली. शंभर-दोनशे रुपयांची कडी आणि गावच्या सुताराचा अर्धा दिवस, एवढेच हे काम आहे. पालकांनी वर्गणी काढली तरी होईल.

दुसरी गोष्ट मुलांना शिकवायची. तीन शब्द पुरे: पळा, लपा, कळवा. बाहेर पडायची वाट मोकळी असेल तर दप्तर तिथेच टाकून पळायचे. वाट बंद असेल तर वर्गाची कडी आतून लावायची, बाके दाराला टेकवायची, दिवे बंद करायचे, आणि दार-खिडकीपासून लांब, भिंतीला लागून खाली बसायचे. मोबाईलचा आवाज बंद करायचा. बाहेरून ‘दार उघडा, आता काही नाही’ अशी हाक आली तरी आपले शिक्षक किंवा पोलीस आहेत याची खात्री झाल्याशिवाय उघडायचे नाही. अंगावर येऊन दुसरा मार्गच उरला नाही, तर मोठ्या मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून, हाती येईल ते घेऊन जीव वाचवायचा. ते अगदी शेवटचे. एकट्याने शूरपणा करायला जाऊ नये.

कळवायचे कुठे? ११२ हा क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवा. जखमी असेल तर १०८ ची गाडी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर जोराने दाबून धरायची आणि सोडायची नाही. चाकू किंवा सळई अंगात रुतली असेल तर ती उपटायची नाही, ते डॉक्टरांचे काम. आणि मदत येईपर्यंत नुसते बसून राहायचे नाही. युवाल्डीत बंदूकधारी वर्गात असताना पोलीस ७७ मिनिटे बाहेर थांबले होते. पहिली मिनिटे आत असलेल्यांनीच निभवायची असतात.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. आपल्याकडचे टोळके पुष्कळदा वर्गावर तुटून पडत नाही. ते दारात येऊन म्हणते, ‘अमक्याला जरा बाहेर पाठवा, दोन शब्द बोलायचेत.’ याच ठिकाणी एक नियम लोखंडासारखा हवा. शाळेच्या वेळात कोणताही विद्यार्थी आईबाप सोडून कोणाच्याही हवाली करायचा नाही. मागणारा सरपंचाचा भाचा असो की संस्थेच्या संचालकाचा मुलगा असो. मुलगा चुकला असेल तर त्याच्या बापाला बोलवा, पोलिसांना बोलवा. पण त्याला फाटकाबाहेर ढकलून ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणणे म्हणजे शाळेने हात झटकणे आहे. दंगा आटोपल्यावर हजेरीपट घेऊन एकेका नावाची हजेरी घ्यायची. कोण कमी आहे ते लगेच कळते.

चौथी गोष्ट आपल्या घराची. असा हल्ला बहुतेक वेळा एका दिवसात उगवत नाही. आधी धमकी असते, रस्त्यात अडवणे असते, मोबाईलवर निरोप असतो, जातीवरून टोमणे असतात. मुलाला ते सगळे ठाऊक असते. तो घरी का सांगत नाही? कारण बाप आधी त्यालाच झोडपील ही भीती. विशेषतः मुलीशी बोलण्यावरून काही झाले असेल तर पोरगा मरून जाईल पण सांगणार नाही. म्हणून आईबापांना हात जोडून सांगणे आहे, मुलाचे आधी ऐकून घ्या. रागवायचे असेल तर चार दिवसांनी रागवा. धमकी मिळाली असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले उद्या कोणालाच आठवत नाही. प्रकरण तापलेले दिसले तर पोलीस ठाण्यातही अर्ज द्या.

याच घरात दुसरी बाजूही पाहायला हवी. आपल्या पोराच्या दप्तरात चाकू नाही ना? मोबाईलवर कोयता घेतलेला फोटो लावून तो मिरवत नाही ना? दुसऱ्याच्या लेकराला मारणारे हात आपल्या घरात तयार होऊ नयेत, हेही आईबापांचेच काम. पंचशीलातले पहिले शील दुसऱ्यांना सुनवायला नाही, आधी स्वतः पाळायला आहे.

पाचवी गोष्ट शाळेच्या समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, दुर्बल घटकांच्या पालकांना जागा असते. आपली किती माणसे त्या बैठकीला जातात? मजुरी बुडते हे खरे. पण वाडीवरच्या चार घरांनी पाळी लावली तर एकाला वर्षातून एक-दोनदाच जावे लागेल. तिथे जाऊन विचारा: वर्गाला आतून कडी आहे का? कुंपण आणि फाटक धड आहे का? फाटकावर येणाऱ्याचे नाव वहीत लिहितात का? बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य सरकारने शाळांना सी.सी.टी.व्ही. लावायला सांगितले. तो आहे का, चालू आहे का, की नुसता भिंतीवर टांगलेला आहे? आणि मुलांना ‘पळा, लपा, कळवा’ याचा सराव वर्षातून दोनदा देणार का?

आता दुसऱ्या दिवसाचे. दुर्दैवाने घटना घडलीच, तर पुरावा जपायला पहिल्या तासापासून सुरुवात होते. रक्ताचे कपडे धुऊ नका, पोलिसांनी पंचनामा करून घेईपर्यंत कागदात गुंडाळून ठेवा. जागा झाडू-पुसू नका. कोणी व्हिडिओ काढला असेल तर तो पोलिसांना द्या, गावभर फिरवू नका. त्यातल्या लेकराची लाज आणि खटल्याचा जोर दोन्ही जाते. शाळेच्या कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवावे, असा अर्ज मुख्याध्यापक आणि पोलीस दोघांनाही त्याच दिवशी द्या.

फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. जातीवरून घडले असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावायला सांगा. त्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. या कायद्याच्या तक्रारीसाठी १४५६६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार यांना संरक्षणाचा आणि प्रवास-खर्चाचा हक्क दिला आहे. गंभीर गुन्ह्यात साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेता येतो. तो लवकर नोंदवून घ्या. वर्ष-दोन वर्षांनी दबाव आला तरी त्या जबाबाचा आधार राहतो. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. अर्ज केला तर धोक्याची चौकशी होऊन संरक्षण मागता येते.

कायदा आहे, पण साक्षीदार फितूर का होतो? तो वाईट असतो म्हणून नव्हे. ज्याच्या विरुद्ध बोलायचे त्याच्याच शेतात तिची खुरपणी असते, त्याच्याच विहिरीवरून पाणी असते, त्याच्याच किराणा दुकानात उधारी असते. शिक्षकाला बदलीची भीती असते, शिपायाला नोकरीची. एकट्या माणसाला ‘खरे बोल’ म्हणून उपदेश करणे सोपे आहे. तारखेला त्याच्यासोबत कोर्टात जाऊन बसणे, बुडालेली मजुरी भरून देणे, काम तुटले तर दुसरे काम बघून देणे, हे अवघड आहे. ते समाजाचे काम आहे. निषेधाचे मोर्चे महिन्याभरात ओसरतात. तारखा वर्षानुवर्षे चालतात. मोर्चाला हजार माणसे असतात, तारखेला आई-बाप दोघेच असतात.

आपल्याच जिल्ह्यात उलटे उदाहरणही आहे. नेवासा तालुक्यातल्या सोनईला जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजातले तीन सफाई कामगार तरुण मारले गेले. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला. परिस्थितीजन्य पुरावा एकेक धागा जोडून उभा केला गेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. पुरावा जपला तर न्यायालय ऐकते. जपला नाही तर तेच न्यायालय हतबल होते.

आपण मुलांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. हत्यारबंद माणसासमोर भगवान बुद्ध न घाबरता गेले आणि त्यांनी त्याला बदलले. ही गोष्ट जरूर सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा की ते सामर्थ्य बुद्धांचे होते. शाळेतल्या लेकराने हत्यारासमोर उभे राहायचे नाही, पळायचे. पळण्यात भित्रेपणा नाही. आपल्या लेकरांना शाळेत पोहोचवायला बाबासाहेबांना आयुष्य झिजवावे लागले. ती लेकरे जिवंत घरी यायला हवीत. भगवंतांचे धैर्य आपल्याला लागेल ते नंतर, साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहताना. चौथे शील आपण रोज विहारात हात जोडून म्हणतो. खोटे बोलणार नाही, असा तो संकल्प आहे. पाहिलेले ‘पाहिले नाही’ म्हणणे हेही खोटेच. ते शील घेतलेल्या माणसाची खरी कसोटी विहारात नाही, कोर्टात लागते.

तेव्हा येत्या रविवारी वंदना झाली की लगेच उठू नका. अर्धा तास बसा. गावातल्या शाळा-कॉलेजात आपली मुले किती आणि कोणत्या वर्गात, याची यादी करा. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीला कोण जाणार, ते ठरवा. आणि ज्या घराचा खटला चालू आहे, त्यांच्या पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत कोण दोघे जाणार, त्यांची नावे लिहून फलकावर लावा. यादी करायला पैसा लागत नाही.

लहानग्यांना घाबरवू नका. पाऊस आला की छत्री, साप दिसला की लांब, तसेच हे, एवढ्याच साध्या शब्दांत सांगा. मोठ्यांनी मात्र हे विसरू नये: धोका आला तर दाराला कडी लावायची, आणि धोका टळल्यावर तोंडाला कडी लावायची नाही.

जय भीम.